चार कार्ब्युरेटर, एक श्वास : घरच्या घरी मोटारसायकल ‘ट्यून’ करणाऱ्या साधनाचा इतिहास

१/
एका इंजिनाला चार सिलिंडर आहेत आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्ब्युरेटर आहे. चारही कार्ब्युरेटर एकाच क्षणी, एकाच प्रमाणात हवा आत घेत आहेत की नाही, हे कसे ओळखायचे? १९६९ नंतर जगभरच्या असंख्य मोटारसायकलमालकांपुढे हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर सतराव्या शतकातील एका प्रयोगात आधीच दडलेले होते. काचेच्या चार नळ्या, थोडा पारा आणि रबरी नळीचे काही तुकडे एवढ्या सामग्रीने एक कसब कारागिराच्या कानातून सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर आले. पुढे कायद्याने त्या कसबाला बूच लावले आणि संगणकाने ते बऱ्याच अंशी अनावश्यक केले. स्वतःच्या मालकीचे यंत्र उघडण्याचा, समजून घेण्याचा आणि दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा, हा या इतिहासाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

२/
आरंभ कार्ब्युरेटरपासून करावा लागतो. पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही. त्याचे सूक्ष्म थेंब किंवा वाफ हवेत मिसळावी लागते. १८८५ साली गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी कानश्टाट येथे जी पहिली पेट्रोल दुचाकी बनवली, तिच्यात पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन वाफ मिळवण्याची पद्धत होती. ती मंद आणि लहरी होती. हवामान बदलले की मिश्रणही बदले. १८९३ साली हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी बारीक नळीतून पेट्रोलचा फवारा उडवणाऱ्या कार्ब्युरेटरचे पेटंट मागितले. काही महिन्यांतच मायबाखनेही तशाच रचनेचे पेटंट मिळवले. फुलांवर तोंडाने पाणी फवारणारी फुलवाली पाहून बांकी-चोंकांना ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका बुडापेस्टमध्ये आजही सांगितली जाते.

३/
या फवाऱ्यामागचे तत्त्व त्याहूनही जुने. १७३८ साली डॅनिएल बर्नुली याने प्रवाही पदार्थाचा वेग आणि दाब यांचा संबंध मांडला. १७९७ साली जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंतुरी या इटालियन शास्त्रज्ञाने अरुंद होत जाणाऱ्या नळीतील प्रवाहावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. नळी अरुंद झाली की प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब घटतो. कार्ब्युरेटरच्या गळ्यात नेमके हेच घडते. पिस्टन खाली जाताना हवा ओढली जाते, गळ्यात तिचा वेग वाढतो, तेथील दाब उतरतो आणि खालच्या वाटीतील पेट्रोल बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, वर येऊन हवेत मिसळते. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ढकलणारा पंप नसतो. इंजिनाचा श्वास हीच त्याची प्रेरकशक्ती.

४/
मात्र हा श्वास मोजून-मापून घ्यावा लागतो. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात. पेट्रोल जास्त झाले तर मिश्रण ‘रिच’ होते : धूर काळा, प्लग काजळलेला, ॲव्हरेज घसरलेले. पेट्रोल कमी पडले तर मिश्रण ‘लीन’ होते : इंजिन तापते, अडखळते आणि प्लगचे टोक पांढरे पडते. म्हणून प्रत्येक कार्ब्युरेटरवर स्लो स्पीडसाठी एक आणि मिश्रणासाठी एक, असे निदान दोन स्क्रू असत. उघड्या डोळ्यांना फरकही कळू नये इतक्या सूक्ष्म फेऱ्याने गाडीचा स्वभाव पालटत असे. ‘ट्यूनिंग’ हा शब्द संगीतातून आला, आणि गॅरेजमध्येही पहिली अनेक दशके हे काम कानानेच होत राहिले.

५/
एक सिलिंडर आणि एक कार्ब्युरेटर असेपर्यंत कान पुरेसा होता. १९२७ साली ब्रिटनमधील तीन कार्ब्युरेटर-उत्पादक एकत्र येऊन ‘ॲमल’ ही कंपनी बनली आणि पुढे ब्रिटिश मोटारसायकलींवर तिचेच कार्ब्युरेटर सर्रास दिसू लागले. १९५९ च्या हंगामासाठी ट्रायम्फने बॉनव्हिल हे दोन कार्ब्युरेटरांचे मॉडेल बाजारात आणले. शक्ती वाढली, सोबत एक नवा उपद्व्यापही आला. उजव्या मुठीतून निघणाऱ्या ॲक्सिलरेटर केबलला पुढे दोन शाखा फुटत. त्यातील एक शाखा किंचित सैल असली, तरी एक सिलिंडर आधी कामाला लागे आणि दुसरा मागे रेंगाळे. गाडी थरथरे, स्लो स्पीडवर अडखळे आणि चढावर तिचा दम कोंडे.

६/
त्या काळातील कारागिरांचे उपाय साधे आणि कल्पक होते. दोन्ही स्लाइडखाली सारख्याच जाडीच्या ड्रिलचे दांडे सरकवून त्या एकाच उंचीवर आणणे; रबरी नळीचे एक टोक कानाला व दुसरे आळीपाळीने दोन्ही कार्ब्युरेटरांच्या तोंडाशी धरून हवेच्या फुत्काराची तुलना करणे; दोन्ही सायलेन्सरच्या मुखाशी तळवे धरून धुराचे ठोके अजमावणे; एका प्लगची वायर काढून एकाच सिलिंडरवर इंजिन किती धीराने चालते ते पाहणे आणि मग दुसऱ्याची तशीच परीक्षा घेणे. या उपायांनी गाड्या उत्तम चालत असत. अडचण एवढीच की हे ज्ञान ज्याच्या कानात आणि तळव्यात असे, त्याच्याजवळच ते राहत असे. शिकायचे तर वर्षानुवर्षे उस्तादाच्या शेजारी उभे राहणे, एवढाच मार्ग होता.

७/
ऑक्टोबर १९६८ मध्ये टोकियोच्या मोटार प्रदर्शनात होंडाने सीबी ७५० मांडली आणि पुढच्या वर्षी ती विक्रीस आली. इंजिन ७३६ सीसीचे, एका रांगेत चार सिलिंडर, चार केहिन कार्ब्युरेटर, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक. अमेरिकेत किंमत १,४९५ डॉलर. शर्यतीच्या मैदानात शोभणारे यंत्र एकाएकी नोकरदार माणसाच्या अंगणात येऊन उभे राहिले. पहिल्या गाड्यांत एकाच केबलला चार शाखा होत्या. लवकरच त्या जागी चारही स्लाइड एकत्र उचलणारी दांड्यांची जोडणी आली. तरीही चौघांतील अचूक मेळ प्रत्येक गाडीत हातानेच साधावा लागे, आणि वापराने तो पुन्हा बिघडे. १९७२ साली कावासाकीची ९०३ सीसीची झेड-वन आली. तिलाही चार कार्ब्युरेटर होते. चार-चार फुत्कारांची तुलना करणे आता उत्तम कानालाही अवघड झाले होते.

८/
येथे सतराव्या शतकातील तो प्रयोग उपयोगी पडला. १६४३-४४ च्या सुमारास एव्हांजेलिस्ता तोरिचेल्ली याच्या प्रयोगाने दाखवून दिले की हवेचा दाब पाऱ्याचा सुमारे ७६ सेंटीमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो. इंजिन हवा ओढते तेव्हा कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांमधील नळीतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी होतो. त्या नळीला पाऱ्याची नळी जोडली, तर पारा वर चढतो. चार सिलिंडरांना चार नळ्या जोडल्या की चार श्वास शेजारी-शेजारी उभे राहतात. ज्याची स्लाइड जास्त उघडी, त्याच्याकडे हवा सहज येते. तेथे शोषण कमी आणि स्तंभ बुटका. ज्याची स्लाइड कमी उघडी, त्याचा स्तंभ उंच. चारही स्तंभ एका रेषेत आणणे, एवढ्यावर सारे काम येऊन ठेपले.

९/
हा मेळ स्लो स्पीडवरच का साधायचा, यालाही कारण आहे. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा असताना स्लाइड कित्येक मिलिमीटर वर असते. तेथे केसाएवढा फरक नगण्य ठरतो. स्लो स्पीडवर मात्र स्लाइडखाली जेमतेम फट असते. त्या फटीच्या मानाने केसाएवढा फरकही मोठा असतो. एका सिलिंडरला पुष्कळ हवा मिळते, दुसऱ्याची उपासमार होते, आणि पोटभर खाणारा सिलिंडर उपाशी भावंडांना ओढत नेतो. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीची थरथर आणि क्लचमधला खडखडाट या ओढाताणीतून जन्म घेत असे. अनेक मालक तो क्लचचा दोष समजून क्लचच उघडत. स्तंभ एका रेषेत आले की तो आवाज पुष्कळदा आपोआप निवळे.

१०/
घरच्या अंगणात हे काम कसे चाले, त्याचे तपशील मनोरंजक आहेत. आधी गाडी काही किलोमीटर चालवून इंजिन गरम करायचे. कार्ब्युरेटरपर्यंत हात पोहोचावा म्हणून पेट्रोलची टाकी उतरवायची आणि तिच्या जागी छोटी बाटली उंचावर टांगून तात्पुरती पेट्रोलची सोय करायची. इनटेकच्या प्रत्येक नळीवर बारीक स्क्रूने बंद केलेले छिद्र असे. तो स्क्रू काढून तेथे साधनाची रबरी नळी जोडायची. उभी गाडी वाऱ्याने थंड होत नाही, म्हणून इंजिनासमोर पंखा लावायचा आणि काम काही मिनिटांत उरकायचे. इंजिन मिनिटाला हजारेक फेऱ्यांवर स्थिर झाले की पारा साधारण २० सेंटीमीटरच्या आसपास चढे. मग एकेका कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा-थोडा फिरवायचा. एक बदलला की शेजारचेही स्तंभ हलत. त्यामुळे घाईला येथे थारा नव्हता. पुढच्या अनेक गाड्यांत एक कार्ब्युरेटर आधार मानून बाकीचे त्याच्याशी जुळवण्याची सोय आली.

११/
साधनाची मर्यादाही या कामातूनच उमगत गेली. व्हॉल्व्हचे अंतर चुकलेले असेल, ठिणगी अवेळी पडत असेल किंवा इनटेकच्या रबरातून हवा गळत असेल, तर स्तंभ एका रेषेत आणूनही गाडी सुधारत नाही. उलट मूळ रोग झाकला जातो. म्हणून आधी व्हॉल्व्ह, मग इग्निशन आणि सर्वांत शेवटी कार्ब्युरेटर, असा क्रम ठरून गेला. हा क्रम पुस्तकांतून छापला गेला आणि घरोघर पोहोचला. ब्रिटनमध्ये जॉन हेन्स यांच्या कंपनीने १९६० च्या दशकाच्या मध्यापासून गाडी पूर्ण उघडून, टप्प्याटप्प्याने छायाचित्रे काढून दुरुस्तीची पुस्तके काढली. पुढे त्यांत मोटारसायकलीही आल्या. एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात गेज घेतलेला मालक हा एक नवाच प्राणी होता. तो कारागीर नव्हता आणि नुसता ग्राहकही उरला नव्हता.

१२/
पाऱ्याचे स्तंभ मेळ दाखवत. मिश्रण रिच आहे की लीन, हे सांगत नसत. त्यासाठी ब्रिटनमध्ये आणखी एक साधन निघाले : गन्सन कंपनीचे ‘कलरट्यून’. हा पारदर्शक काचेचा स्पार्क प्लग होता. नेहमीचा प्लग काढून त्या जागी तो बसवायचा, इंजिन सुरू करायचे आणि सिलिंडरच्या पोटातली ज्योत थेट डोळ्यांनी पाहायची. पिवळी-केशरी ज्योत म्हणजे पेट्रोल जास्त. फिकट, पांढुरकी निळी म्हणजे पेट्रोल कमी. प्रयोगशाळेतल्या बन्सन बर्नरसारखी स्वच्छ निळी म्हणजे मिश्रण योग्य. बन्सनचा तो दिवा १८५५ च्या सुमाराचा, हायडेलबर्गचा. शाळेत रसायनशास्त्राच्या तासाला पाहिलेला रंग आता गाडीच्या इंजिनात ओळखायचा होता. संध्याकाळच्या अंधुक उजेडात हे काम सोपे जाई, कारण उन्हात ज्योतीचा रंग नीट दिसत नसे.

१३/
याच काळात या विषयाला तत्त्वज्ञानाची बैठकही मिळाली. १९७४ साली रॉबर्ट पिर्सिग यांचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ प्रसिद्ध झाले. १९६८ साली मुलाला मागे बसवून केलेला अमेरिकेतील प्रवास त्याच्या मुळाशी आहे. पिर्सिग यांची गाडी होंडाची सुपरहॉक, दोन सिलिंडर आणि दोन कार्ब्युरेटरांची. ती आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. स्वतःचे यंत्र स्वतः निगुतीने सांभाळणारा माणूस आणि यंत्राकडे पाठ फिरवून ते इतरांवर सोपवणारा माणूस, या दोन वृत्तींतील ताण हा त्या ग्रंथाचा कणा. दहा मिनिटांत गेज जोडून स्क्रू फिरवण्याच्या कृतीकडे एक पिढी इतक्या गांभीर्याने का पाहत होती, हे त्यावरून ध्यानात येते.

१४/
मात्र त्याच स्क्रूकडे सरकार वेगळ्या नजरेने पाहू लागले होते. लॉस एंजलिसवर पसरणाऱ्या विषारी धुरक्याचे कोडे १९५० च्या दशकाच्या आरंभी आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने उलगडले : गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरणाच्या अर्धवट जळलेल्या इंधनवाफांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते धुरके तयार होत होते. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने अमेरिकेत बंधने कठोर झाली, आणि १९७८ च्या मॉडेलपासून मोटारसायकलींनाही धुराची मर्यादा लागू झाली. १९८० पासून दर किलोमीटरला हायड्रोकार्बन ५ ग्रॅम आणि कार्बन मोनॉक्साइड १२ ग्रॅम ही कमाल पातळी ठरली. टू-स्ट्रोक गाड्या तेथील रस्त्यांवरून जवळपास हद्दपार झाल्या. फोर-स्ट्रोक गाड्यांचे मिश्रण कारखान्यातच शक्य तितके लीन करून पाठवले जाऊ लागले.

१५/
कारखान्यात ठरवलेले हे मिश्रण मालकाने बदलू नये, म्हणून मिश्रणाच्या स्क्रूवर आधी फिरण्याची मर्यादा घालणाऱ्या टोप्या आणि पुढे चक्क पितळी बूच ठोकण्यात आले. ज्या स्क्रूभोवती घरगुती ट्यूनिंगची सारी संस्कृती उभी होती, तोच स्क्रू दिसेनासा झाला. लीन मिश्रणामुळे थंडीत गाडी अडखळत सुरू होई. मालक वैतागत, आणि कित्येक जण ड्रिलने बुचाला छिद्र पाडून ते उपटून काढत. या झगड्यात एका बाजूला खलनायक आणि दुसऱ्या बाजूला नायक उभा करणे सोपे आहे, पण ते खरे नाही. स्क्रू मालकाचा होता. त्यातून निघणारा धूर मात्र साऱ्या शहराच्या फुप्फुसांत जात होता. ज्या कृतीचे फळ एकाला आणि किंमत सर्वांना, तिच्यावर समाजाने हक्क सांगणे अपरिहार्य होते. स्लाइडचा मेळ साधणारे स्क्रू मात्र उघडेच राहिले, कारण मेळ साधल्याने धूर वाढत नाही.

१६/
दुसरा आघात साधनावरच झाला, आणि तोही तितकाच रास्त होता. पारा दिसायला मोहक, पण त्याची वाफ विषारी. ॲक्सिलरेटर एकदम पिळला की स्तंभ उसळून पारा थेट इंजिनात ओढला जाण्याचा धोका असे. म्हणून नळीत प्रवाह मंदावणारे बारीक छिद्राचे तुकडे बसवावे लागत. गॅरेजच्या फरशीवर सांडलेला पारा फटींत शिरून दीर्घकाळ वाफ सोडत राही. शिवाय पारा ॲल्युमिनियमलाही खातो, आणि इंजिनाचे कितीतरी भाग त्याच धातूचे. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघड झालेल्या विषबाधेने पाऱ्याचे भीषण रूप जगाला दाखवले होते. तेथील विष कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात, माशांत आणि माणसांत पोहोचले होते. सामान्य जनतेला पाऱ्याची मापनसाधने विकण्यावर युरोपीय संघाने २००७ मध्ये बंदी ठरवली आणि २००९ पासून ती अमलात आली. २०१३ मध्ये मिनामाताचेच नाव घेऊन आंतरराष्ट्रीय करार झाला. काही मोजके अपवाद वगळता २०२० नंतर पाऱ्याच्या मॅनोमीटरचे उत्पादन आणि व्यापार थांबवण्याचे त्यात ठरले. भारताने २०१८ मध्ये त्याला अनुमोदन दिले.

१७/
पारा गेला तरी साधन टिकले; त्याने रूप पालटले. उत्तर आयर्लंडमध्ये बनणाऱ्या ‘कार्बट्यून’मध्ये पाऱ्याऐवजी पोलादी कांड्या नळ्यांतून वर-खाली होतात. घड्याळासारखे काटे असलेले व्हॅक्यूम गेज आले, पुढे डिजिटल पडदेही आले. सर्वांत स्वस्त पर्याय मात्र घरीच बनतो : पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी, तिला इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा बाक आणि त्यात थोडे तेल. दोन टोके दोन कार्ब्युरेटरांना जोडली की ज्याचे शोषण जास्त, त्या बाजूला तेल चढते. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, तर तेल पाण्याहूनही हलके. त्यामुळे पाऱ्यात जो फरक १ सेंटीमीटर दिसतो, तो तेलात सुमारे १६ सेंटीमीटर दिसतो. काही रुपयांची नळी महागड्या गेजपेक्षा सूक्ष्म ठरते ती अशी. मेळ फारच बिघडलेला असेल तर तेल इंजिनात ओढले जाते. मग थोडा पांढरा धूर होतो, एवढेच. म्हणून नळी चांगली लांब घ्यायची आणि आधी ढोबळ मेळ डोळ्यांनी साधून घ्यायचा.

१८/
भारतात या साधनाचा प्रवेश फारसा झालाच नाही, आणि त्याचे कारण आपल्या रस्त्यांवरच्या गाड्यांत आहे. बुलेट, जावा, येझदी, पुढे १०० सीसीच्या जपानी धर्तीच्या गाड्या : बहुतेकांना एक सिलिंडर आणि एकच कार्ब्युरेटर. मेळ घालायला दुसरा कोणी नव्हताच. ठळक अपवाद एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये आणलेल्या राजदूत ३५० चा : यामाहाची रचना, दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर. ती टू-स्ट्रोक असल्याने व्हॅक्यूम गेजचा तिथे फारसा उपयोग नसे. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातात का, हे बोटाने चाचपून किंवा छोट्या आरशात पाहून ठरवावे लागे. एरवी आपले ट्यूनिंग म्हणजे गॅरेजमधल्या मेकॅनिकचा कान, एक स्क्रू ड्रायव्हर आणि प्लगच्या टोकाचा तपकिरी रंग. ब्रिटनमध्ये जे ज्ञान कानातून नळीत आणि नळीतून पुस्तकात उतरले, ते येथे बव्हंशी उस्तादाकडून हाताखालच्या पोराकडे, तोंडी आणि पाहून-पाहून जात राहिले.

१९/
महाराष्ट्राचे नाते कार्ब्युरेटरच्या उत्पादनाशी अधिक जवळचे. पुण्याचा परिसर दुचाकी उद्योगाचे केंद्र बनला, आणि चाकणला जपानच्या केहिनचा इचलकरंजीच्या ‘फाय’ उद्योगाशी भागीदारीतला कारखाना उभा राहिला. सीबी ७५० वर ज्या कंपनीचे चार कार्ब्युरेटर होते, तिच्याच नावाचा एकेक कार्ब्युरेटर इथल्या गाड्यांवर दिसू लागला. पीयूसीच्या तपासणीने येथेही मिश्रणाच्या स्क्रूला सार्वजनिक अर्थ आणला. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या दुचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, असा नियम होता. त्यापुढे स्क्रू किती फिरवायचा हा मालकाच्या मर्जीचा प्रश्न राहिला नाही. १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ मानक लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळपास नाहीसा झाला. आता सेन्सर हवेचा अंदाज घेतात आणि इंधन किती सोडायचे ते संगणक ठरवतो.

२०/
संगणक आल्याने हा इतिहास संपला असे वाटते, पण तसे झाले नाही. फ्युएल इंजेक्शनच्या चार सिलिंडरी मोटारसायकलींतही प्रत्येक सिलिंडरसाठी हवेचा वेगळा दरवाजा, म्हणजे थ्रॉटल बॉडी, असते. पेट्रोल किती हे संगणक ठरवतो. पण ते दरवाजे सारखेच उघडतात की नाही, हा प्रश्न शुद्ध यांत्रिक आहे. म्हणून आजही अशा अनेक गाड्यांच्या सर्व्हिसमध्ये व्हॅक्यूम गेज जोडले जाते आणि स्तंभ किंवा काटे एका रेषेत आणले जातात.

२१/
या साधनाच्या वाटचालीत तीन गोष्टी वेगळ्या करून पाहता येतात. मिश्रणाचा स्क्रू मालकाच्या हातून गेला, कारण त्याचा धूर सर्वांचा होता. पारा गेला, कारण त्याचे विष सर्वांचे होते. दोन्ही वेळा समाजाने हात आखडायला लावला, त्याला सबळ कारण होते. मेळ मोजण्याच्या ज्ञानाने मात्र कोणाचेच नुकसान केले नाही, आणि ते शाबूत राहिले. आज शेतीच्या ट्रॅक्टरपासून फोनपर्यंत अनेक वस्तूंवर उत्पादकांची बुचे आहेत आणि दुरुस्तीच्या हक्काची चर्चा जगभर चालू आहे. प्रत्येक बुचाला विचारण्याचा प्रश्न या इतिहासाने तयार करून ठेवला आहे : हे बूच नेमके कोणाचे रक्षण करते? हवेचे, माणसांचे, की केवळ विक्रेत्याच्या नफ्याचे? पितळी बुचापाशी उत्तर हवेच्या बाजूने होते. प्रत्येक बुचापाशी ते तसेच असेल असे नाही, आणि ते तपासण्यासाठी यंत्र उघडता येणारी माणसे समाजात शिल्लक असावी लागतात.

(धागा समाप्त)